नाव लागलंय म्हंजे काय?

खांब गावच्या हैबतरावांचा हात आधी चालतो आणि तोंड मागनं, असं गावात म्हणत. म्हणणारे हसत, कारण तो हात त्यांना कधी लागलेला नसे. शेजारच्या शेतातल्या कान्हूला लागला होता. दहा वर्षांपूर्वी बांधावरच्या पाण्यावरून भांडण झालं आणि त्याचे पुढचे दोन दात चिखलात पडले. कान्हू त्या दिवसापासून हैबतराव दिसले की वाट सोडून शेतातून जाई.

तरुणपणी हैबतराव कबड्डीत उजव्या कोपऱ्यात उभे राहत. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा हातात आला की सुटत नसे. खेळ सुटला, पण त्याचा रुबाब काही सुटला नाही. भातशेती, भात निघाला की वाल, घरात बायको मालू आणि एकुलती मुलगी मनाली. मनालीने पेणला मावशीकडे राहून बी.एस्सी. केलं होतं आणि रोह्याजवळच्या एका कंपनीत ती लॅबमध्ये कामाला लागली होती. एका भिंतीपलीकडे वारलेल्या भावाचं घर. तिथे भावजय आणि पुतण्या नितेश. भाऊ गेल्यापासून हैबतरावांनी नितेशला मुलासारखं वागवलं. नितेशने घरात वाय-फाय घेतलं होतं, त्याचा पासवर्ड मनालीलाही दिला होता. हैबतरावांकडे मात्र बटणांचा फोन. नेटमधलं त्यांना काही कळत नसे आणि कळावं असंही कधी वाटलं नव्हतं.

जानेवारीतली गोष्ट. वालाच्या शेंगा भरल्या होत्या, हैबतराव शेतात होते. नितेश बांधावरून धावतच आला.

“काका, मनालीचं बघा काय वायरल झालंय. कोलाडपर्यंत गेलंय सगळ्या ग्रुपवर.”

त्याने मोबाइल पुढे धरला. मनालीचा फोटो होता. वर मनालीचंच नाव, खाली तिचा फोन नंबर, आणि बापाने लेकीबद्दल वाचू नये अशा चार ओळी. हैबतरावांनी त्या बोट ठेवून एकेक शब्द करत वाचल्या. शेवटी आणखी एक नाव होतं, निळ्या अक्षरात. प्रविण.

“ह्यो कोण?”

“पेणचा. गणपतीचा कारखाना हाय त्यांचा. तिच्या कॉलेजात होता. त्याला टॅग केलंय.”

“म्हंजे?”

“म्हंजे नाव लागलंय त्याचं.”

“नाव लागलंय म्हंजे काय?”

नितेशने मोबाइल खिशात टाकला. “म्हंजे त्यानेच टाकलं असंल. दोघांचं काय असंल ते त्यांनाच ठाऊक.”

त्या ‘असंल’वर हैबतराव शेतातून उठले.

मनाली पहिली शिफ्ट करून नुकतीच आली होती. पायातली चप्पलही काढली नव्हती. दारात बाप उभा राहिलेला बघून ती म्हणाली, “आप्पा, मी सांगणारच होते. ते अकाऊंट माझं नाय.”

“तुझं नाव, तुझं थोबाड, तुझा नंबर! आन् तुझं नाय?”

“माझं अकाऊंट वेगळं हाय. हे दुसऱ्याच कुणी—”

अकाऊंट म्हणजे बँकेतलं, एवढंच हैबतरावांना माहीत. मुलगी आपल्याला येडं समजून बोलतेय असं त्यांना वाटलं. हात उठला. उघड्या पंजाचा फटका डाव्या कानावर बसला, मनाली चौकटीवर आदळली आणि खाली बसली. मालू चुलीपुढून धावत आली ती मुलीच्या अंगावरच पडली.

“मारा, मलाच मारा! पोरीला हात लावू नका परत!”

मनालीच्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ गळ्यापर्यंत आला होता. ती रडत नव्हती. बापाच्या तोंडाकडे बघत होती आणि त्याचे ओठ हलताना दिसत असूनही काही ऐकू येत नसल्यासारखी डोकं झटकत होती. हैबतरावांनी ते पाहिलं. पण तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच नाव होतं. ते बाहेर आले आणि नितेशच्या मोटारसायकलवर मागे बसले.

सुकेळीची खिंड, नागोठणं, वडखळ.  पेणला पोहोचेपर्यंत दुपारचे साडेतीन झाले होते. माघी गणपती जवळ आलेले, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रंगवलेल्या मूर्ती ओळीने उभ्या, त्यांना डोळे तेवढे यायचे होते. एक सडपातळ पोरगा पाटावर बसून, श्वास रोखून, बारीक कुंचल्याने एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होता.

“प्रविण तूच का?”

“हो. कोण आपण?”

हैबतरावांनी उत्तर दिलं नाही. पहिला ठोसा नाकावर बसला. प्रविण मागच्या मूर्तींवर पडला, चार-पाच गणपती एकदम कोसळले, पांढऱ्या मातीचा धुरळा उठला. “काका, ऐका तर... मनालीचे वडील ना तुम्ही?” असं तो तोंडातल्या रक्तातून म्हणाला. तिचं नाव त्याच्या तोंडी आलं आणि हैबतराव आणखीच पेटले. त्यांनी त्याला केसाला धरून ओढला, छातीवर गुडघा दिला. प्रविणने तोंड वाचवायला उजवा हात वर केला. हैबतरावांनी तो मनगटाशी पकडला, जमिनीवर दाबून धरला आणि बाजूला पडलेला मूर्तीखालचा लाकडी पाट उचलून त्या हातावर घातला. एकदा. मग परत. तिसऱ्या वेळी वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला, आणि प्रविण ओरडायचा थांबला.

कामगारांनी त्यांना मागून धरलं तेव्हा हैबतरावांनी वळून बघितलं. नितेश दारात नव्हता. मोटारसायकलही नव्हती.

पोलीस ठाण्यात त्यांना बाकावर बसवलं होतं. हातावर प्रविणचं रक्त आणि गणपतीचा गुलाबी रंग एकत्र वाळला होता. उपनिरीक्षक सुरभी ही तिशीतली बाई, आवाज न चढवता बोलणारी. तिने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “टॅग म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?”

“नाव लागतं. ज्यानं टाकलं त्याचं.”

सुरभीने एक कोरा कागद घेतला. त्यावर एक घाणेरडी शिवी लिहिली आणि खाली लिहिलं: सोबत, हैबतराव, मुक्काम खांब. कागद त्यांच्यापुढे सरकवला.

“हे कोणी लिहिलं?”

“तुम्ही.”

“नाव कुणाचं आहे खाली?”

हैबतराव कागदाकडे बघत राहिले.

“टॅग म्हणजे एवढंच. नाव लावताना त्या माणसाला विचारावंही लागत नाही,” सुरभी म्हणाली. “आणि मी तुमच्या मुलीशी फोनवर बोलले, ते खातंही तपासलं. ते तिचं नाही. तिचा फोटो उचलून, तिच्या नावाने भलत्यानेच उघडलंय. फेक प्रोफाइल म्हणतात त्याला. प्रविणला ते काल दिसलं. त्यानेच तुमच्या मुलीला फोन करून सांगितलं आणि पोस्ट रिपोर्ट केली.”

“रिपोर्ट म्हंजे?”

“तक्रार. तुमच्या मुलीच्या बाजूने पहिली तक्रार त्या मुलाने केली. त्याचा हात तुम्ही मोडून आलात.”

हैबतरावांनी आपल्या हातांवरचं वाळलेलं रक्त पाहिलं. दोन्ही हात मांड्यांखाली घालून ते बसून राहिले.

अकरा दिवसांनी जामीन झाला. ते घरी आले तेव्हा मनालीच्या कानावर कापसाचा बोळा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडदा फाटलाय, भरेल कदाचित, पण पहिल्यासारखं ऐकू येईल याची खात्री नाही. मनाली त्यांच्याशी बोलत नव्हती. ताट पुढे ठेवी आणि आत जाई. मालू बोलायची ती भिंतीकडे तोंड करून. “पोर सांगत होती ना? एक वाक्य पुरं ऐकलं असतंत तर?”



रोह्याला वृंदाताई नावाच्या निवृत्त शिक्षिका वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांना कंप्युटर शिकवतात, हे हैबतरावांना मिनीडोर रिक्षात कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. गुरुवारी आणि रविवारी दुपारी. ते गेले. खोलीत आठ-दहा जण होते, बहुतेक पेन्शनवाले आणि बायका. रोहा केवढंसं! त्यांना सगळ्यांनी ओळखलं. शेजारच्या बाईंनी खुर्ची सरकवून घेतली.

“तुम्हाला काय शिकायचंय?” वृंदाताईंनी विचारलं.

“शब्द,” हैबतराव म्हणाले. “मशीन नाय आलं तरी चालंल. शब्द कळले पायजेत.”

वृंदाताईंनी त्यांना नीट न्याहाळलं आणि पुढच्या बाकावर बसवलं. माउस त्यांनी एवढा घट्ट धरला की प्लास्टिक करकरलं. “हलकं धरा, हैबतराव. तो पळत नाही,” त्या म्हणाल्या आणि मागे कुणीतरी हसलं. पूर्वी हसणाऱ्याची खैर नव्हती. हैबतरावांनी मुठीतली बोटं एकेक करून सैल केली.

सातवी झालेला माणूस. त्यांनी शंभर पानी वही केली. वृंदाताई व्याख्या सांगत, ते आपल्या भाषेत लिहीत. ‘अकाऊंट म्हंजे बँकेतलंच नाय. नेटवर आपल्या नावाची जागा. आपल्या नावाने दुसरा पण घेऊ शकतो.’ ‘लिंक म्हंजे दार. उघडायच्या आधी कुणाचं हाय ते बघायचं.’ ‘फॉरवर्ड म्हंजे दुसऱ्याचं बोलणं पुढं ढकलणं. ढकलणाऱ्याला खरं-खोटं ठाऊक असतंच असं नाय.’ हे लिहिल्यावर त्यांनी वही मिटली.

मार्चमध्ये ते प्रविणच्या घरी गेले. दार त्याच्या आईने उघडलं. हैबतरावांना बघताच ती आत गेली आणि कपडे वाळत घालायची वेताची काठी घेऊन आली. पहिला फटका खांद्यावर, दुसरा मानेवर, मग कुठे बसतोय याचा हिशेब तिलाही राहिला नाही. “डोळे काढायचा माझा पोरगा! गणपतीला नजर द्यायचा! तुझं काय घेतलं होतं त्यानं?” काठी मधोमध चिरली तरी ती मारत होती. कपाळ फुटलं, रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. हैबतराव हात बाजूला सोडून उभे राहिले. शेवटी प्रविणनेच येऊन आईला डाव्या हाताने धरलं. त्याच्या उजव्या मनगटात स्टीलच्या दोन पट्ट्या बसवल्या होत्या, बोटं अर्धीच मिटत होती.

“मी माफी मागाया आलोय.”

“मागा,” प्रविण म्हणाला. “पण मी देणार नाही. मारायच्या आधी तुम्ही मला एकदा विचारायचं होतं. एकदा.”

त्याने दार लावून घेतलं. हैबतराव रस्त्यावरच्या नळावर तोंड धुऊन परतले.

मे महिन्यात सुरभीने बापलेकीला बोलावून घेतलं. “ज्या वेळी ते खातं उघडलं आणि पोस्ट टाकली, त्या वेळचा आयपी ॲड्रेस मिळाला,” ती म्हणाली. “तो तुमच्याच आवारातल्या वाय-फायचा आहे. नितेशच्या घरचा.”

 मनालीला कळलं होतं, या वाक्याचं गावात काय होणार. ते वाय-फाय तीही वापरत होती. झालंही तसंच. त्या दोघांना रिक्षाने आणलेला गावातला एक जण दारात उभा राहून ऐकत होता; त्याने चहाच्या टपरीवर सांगितलं आणि चार दिवसांत खांबभर झालं: पोरीनंच स्वतःचं टाकलं आणि बापाला फशी पाडलं. टपरीवर कान्हूने तर हैबतरावांच्या तोंडावर म्हटलं, “पोरीच्या नादाला लागून दुसऱ्याचा पोर अधू केलास. आता तिचं पण मनगट मोड की!” त्याच्या आवाजात दहा वर्षांचा राग होता.  हैबतरावांची मूठ वळली. हातातला काचेचा ग्लास फुटला, काचा तळव्यात घुसल्या. ते तसेच घरी चालत आले, अंगणभर थेंब सांडत.

मनाली ओट्यावर होती. ती दचकून उठली आणि मागे सरली, पाठ भिंतीला लागेपर्यंत. आपली लेक आपल्या हाताला भिऊन भिंतीशी चिकटलीय हे हैबतरावांनी पाहिलं. ते अंगणातच थांबले, ओट्यावर चढलेच नाहीत.

“आयपी ॲड्रेस म्हंजे घराचा पत्ता हाय,” ते म्हणाले. “माणसाचा नाय. घरात माणसं चार असतात. म्यां वृंदाताईंकडनं नीट समजून घेतलंय. तू केलंस असं त्यातनं निघत नाय, आन् तू केलं नाहीस हे तू मला जानेवारीतच सांगितलं होतंस.”

 मनाली आत गेली, हळद आणि फडकं घेऊन आली आणि ओट्याच्या कडेवर ठेवून परत गेली.

पुढचे पंधरा दिवस हैबतरावांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. मनालीने केलं नसेल, तर उरला कोण हे अडाणी माणसालाही कळण्यासारखं होतं. नितेश भिंतीपलीकडे जेवत होता, खोकत होता, फोनवर हसत होता. त्यांच्या मनात रोज तीच भिंत फोडून जायचं येई. पण ‘असंल’वर त्यांनी एकदा हात उचलला होता. रोज सकाळी ते शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दगडी बांध रचत बसायचे, संध्याकाळपर्यंत, बोटं सोलून निघेपर्यंत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरभी दोन शिपाई घेऊन भर दुपारी आली. खातं उघडताना दिलेला मोबाइल नंबर सापडला होता. सिम नितेशच्या आईच्या नावावर होतं, पण ते ज्या फोनमध्ये घातलं होतं तो फोन नितेशचा. गाडी बघताच नितेश मागच्या दाराने निघाला. वाडीच्या कुंपणावर चढत असताना हैबतरावांनी त्याचा घोटा धरला.

तो खाली आपटला. हैबतराव त्याच्यावर बसले आणि दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती गेले. अंगठे नरड्यात रुतले. नितेशचे पाय मातीत खुरडत होते, डोळे बाहेर आले होते, ओठ निळे पडत चालले होते. शिपाई हैबतरावांना मागून ओढत होते, एकाने पाठीत काठी घातली, पण हात निघेनात. भावजय किंचाळत होती.

“आप्पा, सोडा.”

पाच महिन्यांत मनालीचा बापाशी पहिला शब्द होता तो. ती कुंपणाशी उभी होती.

“तो मेला तर बोलंल कोण? मला त्याच्या तोंडनं ऐकायचंय. सोडा त्याला.”

हैबतरावांनी हात काढले. नितेश कुशीवर वळून ओकला. बराच वेळ खोकत राहिला. मग सुरभीने विचारायच्या आतच तो मनालीकडे बघून बोलायला लागला. कंपनीत मनालीनेच त्याला चिकटवलं होतं. तिथल्या एका मुलीच्या मागे तो लागला, तिला त्याने कोपऱ्यात गाठलं. साहेबांनी मनालीला विचारलं तेव्हा मनालीने भावाला न झाकता खरं ते सांगितलं आणि त्याची नोकरी गेली. प्रविणचं नाव त्याने तिच्या फ्रेंड लिस्टमधून उचललं होतं.

“आन् माझ्यापुढं कशाला आणलंस?” हैबतरावांनी विचारलं. “ग्रुपवर टाकून थांबला असतास.”

नितेश मातीत बसल्या बसल्या हसला. गळ्यावर अंगठ्यांचे वळ काळे पडत होते. “तुमाला दाखवलं की पुढचं तुमी करनार, ते ठाऊक होतं मला. मी कुणाला बोट लावलं, काका? मी फक्त टाइप केलं. मारलं तुमी.”

 शिपायांनी नितेशला उठवून गाडीत घातलं. हैबतराव मातीतच बसून राहिले. ठोसे त्यांनी आयुष्यात पुष्कळ खाल्ले होते. पण या वाक्याने जे लागलं तसं कशानेही लागलं नव्हतं, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

पेणच्या कोर्टात त्यांचा खटला उभा राहिला तेव्हा वकिलांनी सांगितलं होतं, पुतण्याने भरीस पाडलं, डोकं ताळ्यावर नव्हतं, असं म्हणा. हैबतराव पिंजऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, “नाव लागलंय म्हंजे काय, ते म्यां पुतण्याला विचारलं. त्याला खरं सांगायचं नव्हतं. पन दुसऱ्या कुणालाच विचारलं नाय, हा गुन्हा माझा. हात मीच मोडला.” शिक्षा झाली. ती त्यांनी भोगली. नितेशचा खटला वेगळा चालला. प्रविण त्यात साक्षीला आला, न घाबरता बोलला. बाहेर पडताना तो हैबतरावांच्या समोरून गेला आणि थांबला नाही. कारखान्यात आता आखणी त्याची बहीण करते, तो सपाट रंग भरतो.

मनाली पेणला मावशीकडे राहायला गेली आणि तिकडेच दुसरी नोकरी तिने धरली. डाव्या कानाने तिला अजून अर्धंच ऐकू येतं. हैबतरावांनी मोठा फोन घेतला आहे. गावातली माणसं, बायका तर जास्तच, त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात. “काका, बँकेचा मेसेज आलाय, ह्या लिंकवर दाबू का?” “गो बाय, आधी नंबर बघ कुणाचा हाय,” असं ते म्हणतात आणि चष्मा लावतात. येत नाहीत ती फक्त कान्हू आणि त्याच्या घरची माणसं.

ती पोस्ट केव्हाच काढून टाकली गेली, खातंही बंद झालं. पण डिलीट म्हणजे पुसलं जाणं नव्हे, हे वृंदाताईंनी त्यांना वर्गाच्या शेवटच्या दिवसांत शिकवलं होतं. कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असतो. दोन-तीन महिन्यांनी कुठल्या तरी ग्रुपवर, कुठल्या तरी परक्या गावच्या पेजवर मनालीचा तो फोटो पुन्हा वर येतो. मग मनालीचा फोन येतो. जास्त बोलत नाही. “आप्पा, परत आलंय. लिंक पाठवते.”

परवाच आला होता. हैबतराव भाकरी खात होते. त्यांनी हात धुतले, पुसले, फोन समोर धरला. त्या चार ओळी पुन्हा दिसल्या. छातीत जुनं काहीतरी उसळलं, ते त्यांनी उसळू दिलं. मग कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवलं, यादीतून ‘रिपोर्ट’ निवडलं, कारण विचारलं तिथे कारण निवडलं, आणि पाठवून दिलं.

“केलं गो,” ते फोनवर म्हणाले.

“किती वेळा झालं हे?”

“सहावी खेप.”

 आता ती फोन ठेवेल असं त्यांना वाटलं. पण ती म्हणाली, “जेवलात का?”

“जेवतोय,” हैबतराव म्हणाले.